सगळ्यांना ऐकू आलेला आवाज

उतारावर गाडी कधीही नाक खाली करून लावायची नाही. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याचा ग्लास हातात पडायच्या आधी हे ज्ञान त्याच्या पदरात पडतं. पाहुण्याकडे मेली गाडीच नसते, असली तर स्कूटर असते, पण यांना काय त्याचं. आमच्या क्रूझर मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, वजन म्हशीएवढं, एकदा नाक खाली गेलं की मागे ओढायला तीनचार माणसं लागतात, असं हे हातवारे करून सांगणार. त्या तीनचार माणसांत एक नेहमी मी असते, म्हणून मलाही सगळं पाठ आहे.

आमचे हे मागांच्या कारखान्यात फिटर होते. कापड विणायचे माग, लांबच्या लांब शेडमध्ये ओळीने लावलेले आणि सगळे एकदम चालू. मी एकदाच आत गेले होते, विसरलेला डबा द्यायला, आणि दारातूनच मागे फिरले. मी मारलेली हाक मलाच ऐकू येईना. त्या खडखडाटात हा माणूस आयुष्यभर उभा राहिला. आणि गंमत बघा, त्यातही यांना नेमकं ऐकू यायचं. मागच्या ओळीतला कोपऱ्यातला माग बिघडायला आलाय, हे पाठमोरे उभे राहून सांगायचे. कारखान्याने कानात घालायला बोळे दिले होते. ते घरात एका डबीत तसेच पडून. "कान बंद करून माग कसा दुरुस्त करू? डोळे बांधून सुई ओवायला सांगतात," असं म्हणायचे. मला ते पटायचं. शिवणारी बाई मी, मला सुईचं उदाहरण दिलं की पटतंच.

घरीही तेच. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागे अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये यांची गाडी. मी कुणाचा तरी कोट घेऊन बसलेली असायचे आणि तिकडून आरोळी यायची, "अगं, बॉबिन बघ, सैल झालंय!" मी म्हणायचे, डोंबल तुमचं. मग उघडून बघायचे तर खरंच सैल. असा राग यायचा म्हणून सांगू.

गाडी यांनी जुनीच घेतली, कुणाची तरी वापरलेली. दोन सिलिंडरची, लांबलचक, बसकी, रुंद हँडलची, आणि चालवणाऱ्याने पाय पुढे ताणून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. मागे बसणारीचा विचार मात्र ती बनवणाऱ्याने केलाच नव्हता. मागची सीट हातरुमालाएवढी. मी निक्षून सांगितलं, पाठ टेकायला काही केल्याशिवाय मी चढायची नाही. मग यांनी कारखान्यातल्या वेल्डरला गाठून लोखंडी पाठ करून आणली, मी तिला गादी शिवली, आणि आमचं फिरणं सुरू झालं. डाव्या बॅगेत पावसाचे कपडे आणि थर्मास, उजव्या बॅगेत अवजारं, आणि अवजारांच्या वर माझे कपडे, कारण बाकी जागाच नाही. माझ्या एकूण एक चांगल्या कपड्याला ग्रीसचा डाग आहे. पोटरी सायलेन्सरला भाजली त्याचा डाग वेगळा.

तरी मी जायचे, आणि का जायचे ते सांगते. लोकांना वाटतं, अशा गाडीवाल्यांना आवाजाचं वेड असतं, ती धडधड ऐकवत गावभर फिरायचं असतं. आमच्याकडे उलटं होतं. घाट चढून गेलं की वर एक पठार लागतं. गवत आणि दगड, दुसरं काही नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. तिथे रस्त्याच्या कडेला थांबून हे इंजिन बंद करायचे. हेल्मेट काढून मांडीवर घ्यायचे आणि बसून राहायचे. पहिल्यांदा मी काही बोलायला गेले तर हात वर करून मला गप्प केलं. माझ्यासारखीला गप्प करणं सोपं नाही, पण त्या दिवशी यांचं तोंड बघून मी बसले. ऊन लागलेल्या माणसाने पाणी प्यावं तसं हे ती शांतता पीत होते. खाली उतरताना म्हणाले, "दिवसभर त्या शेडमध्ये उभं राहतो ना, ते ह्याच्यासाठी."

नोकरीत असताना तिथे वर्षातून एखाद्या वेळी जमायचं. निवृत्त झालो की मनात येईल तेव्हा जायचं, असं पक्कं ठरलेलं. दुसऱ्यांचे नवरे म्हातारपणासाठी काय काय मागतात. आमच्या या माणसाला त्या माळावरची शांतता हवी होती, बस. मला वाटायचं, एवढं तर कुणीही कुणाला देईल.

निवृत्त झाले आणि आवाज सुरू झाला.

आधी एका रविवारी फिरून आले आणि म्हणाले, "गाडीत काहीतरी बोलतंय." बारीक, शिट्टीसारखा. वेगात असताना येत नाही, रेस सोडली की येतो. पुढच्या आठवड्यात म्हणाले, उभ्या गाडीतही येतो. मी शेडमध्ये जाऊन ऐकलं. मला गाडी नेहमीसारखी वाटली, धड धड धड धड. तसं सांगितलं तर हसले. "तुला कधी कळलंय का गाडीतलं," म्हणाले. तेही खरंच होतं, म्हणून मी काम टाकून तिथे उभी राहायच्या ऐवजी आत जाऊन बसले.

पण त्या आवाजाने आमचं पठार बंद झालं. यांच्या ओळखीतल्या एकाचं इंजिन चालत्या गाडीत आवळून जाम झालं होतं, मागचं चाक जागीच थांबलं आणि मागे बसलेली त्याची बायको रस्त्यावर फेकली गेली होती. ती जगली, पण अजून लंगडते. त्याच्याही गाडीत आधी असाच बारीक आवाज यायचा म्हणे. "हा आवाज जाईपर्यंत तुला मागे बसवून मी घाट चढणार नाही," असं यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, एकटे जा. तर म्हणाले, एकट्याने काय मजा. आता यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

गाडीचे मिस्त्री आणि हे, दोघांची तरुणपणापासूनची दोस्ती. मिस्त्रींच्या गॅरेजवर रविवारी सकाळी सगळे गाडीवाले जमतात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक पोलीस, आणि एक तरुण मुलगा, त्याला सगळे दाढी म्हणतात, कारण बाकी तो फारसा दिसतच नाही. या मंडळींनी आमच्या यांचं नाव ठेवलंय 'कान'. "कान आले का?" असं विचारतात. कुणाच्या गाडीत काही खुट्ट वाजलं की गाडी आधी यांच्यापुढे उभी राहायची. हे लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाच्या भोकावर दाबायचे, डोळे मिटायचे, आणि बोट ठेवून सांगायचे, इथे उघडा. मिस्त्री उघडायचे. तिथेच निघायचं. लांबच्या प्रवासाला जाणारी पोरं निघायच्या आधी यांना गाडी ऐकवून जायची. डॉक्टरकडे बाळ दाखवतात ना, तशी.

त्या रविवारी पहिल्यांदाच कानांची स्वतःची गाडी मधोमध उभी राहिली. मीही गेले होते, कारण म्हटलं, बघू तरी घोडं कुठे पेंड खातंय. यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, आधी इंजिनाच्या माथ्याला, टॅपेटच्या झाकणावर, मग खाली, मग मागे, मग पार सायलेन्सरच्या तोंडाशी. कपाळाला आठ्या. "सगळीकडे सारखाच येतोय," म्हणाले. मी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला, कानाला लावला, बराच वेळ डोळे मिटले, आणि मान हलवली.

"आहे, भाऊ. टॅपेट वाटतंय."

बँकवाल्याने ऐकलं. तो म्हणाला, "बारीक आहे, पण आहे. बेअरिंग असेल का?"

दाढी म्हणाला, "काका, मला तर आल्या आल्याच ऐकू आला. टायमिंग चेन."

मग स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आला. मी लावला. आत धबधबा पडावा तसा धो धो आवाज, शिट्टीबिट्टी काही नाही. मी म्हटलं, "मला काही वेगळं वाटत नाही."

सगळे हसले. चांगल्या मनानेच हसले. "काकू, कान तयार व्हावा लागतो," दाढी मला समजावायला लागला. ज्याच्या पँटची चेन मी बदलून दिली होती, तो मला टायमिंग चेन शिकवत होता.

तर आधी टॅपेट झाले. सगळे म्हणाले, खूपच फरक पडला. हे म्हणाले, काही नाही पडला. मग टायमिंग चेन, तिच्या बरोबरीने तिला ताण देणारा तो सगळा सरंजाम. चालू करून ऐकलं. मिस्त्री म्हणाले, "गेला जवळजवळ." हे म्हणाले, "आहे तसाच आहे हो." मग ऑइल बदललं, जाड घातलं. मग पातळ घातलं. मग प्लग. मग सायलेन्सर काढून आतून बघितला, कारण कुणीतरी म्हणालं की गळती असली तरी शिट्टी वाजते. गोष्ट खरी होती, गळती नव्हती. दर खेपेला यांच्या तोंडावर आशा यायची, किल्ली फिरवायचे, वाकून ऐकायचे, आणि तोंड उतरायचं. मला बघवेना झालं. मीच म्हणायला लागले की आता विकून टाका ती गाडी, तर असे बघायचे की जणू मी लेकीला विकायला सांगितलंय.

माणूस चिडचिडा झाला. जेवणात लक्ष नाही. एका दुपारी मला म्हणाले, "तो फ्रीज जरा बंद कर गं, डोकं उठलंय." मी फ्रीज बंद केला. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद केलास का?" मी म्हटलं, हो, केव्हाच. मग उठून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाची चौकशी करायला गेले. शेजारी म्हणाले, पंप तर सकाळीच लावून झाला. हे परत आले आणि पुन्हा गाडीकडे गेले. मी तेव्हा मनात म्हटलं, डोक्यात गाडी भरलीय, दुसरं काय.

मग माझ्या मशीनचं झालं. तेल घालायचं राहिलं होतं आणि ते असं किंचाळायला लागलं की माझे दात शिवशिवले. मी मुद्दाम थांबले नाही. म्हटलं, आता येईल आरोळी. हे तिथेच होते, माझ्या समोरच्या खुर्चीत, पेपर वाचत. मी पायाचा जोर वाढवला. मशीन कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडत होतं. यांनी पान उलटलं. "अहो," मी म्हटलं. "काय गं?" यांनी लगेच वर बघितलं. माझा आवाज ऐकू आला होता. मशीनचा नव्हता.

मी मशीन थांबवलं. तेल घातलं आणि मान खाली घालून शिवत बसले. काय बोलणार होते? यांना कानांबद्दल सांगायचं? यांना?

शेवटी ठरलं की इंजिन उतरवायचं. मिस्त्री आमच्या शेडमध्येच आले, कारण उतरवलेलं इंजिन हलवणं नको. दोघांनी मिळून खाली घेतलं आणि उघडलं. पहिल्या दिवशी मिस्त्री दिवसभर होते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅरेजला काम होतं, तर हे एकटेच बसले. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर सगळे भाग ओळीने मांडलेले. पिस्टन, चेन, वॉशर, स्प्रिंगा. मोकळी गाडी शेजारी उभी, मध्ये नुसतं भोक. हे रॉकेलच्या ट्रेमध्ये एक एक भाग ब्रशने धूत होते. मी दुपारचा चहा घेऊन गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी कप ठेवला आणि यांनी एकदम ब्रश थांबवला, हात वर केला.

"ऐक," म्हणाले. "ऐक, ऐक. आला बघ. हाच तो."

मी उभी होते ती उभीच राहिले. यांचा चेहरा उजळला होता, चोर पकडल्यासारखा. मान तिरकी करून ऐकत होते.

मी हळूच विचारलं, "अहो, कशातून येतोय?"

"कशातून म्हणजे? इंजि..." आणि यांनी टेबलाकडे बघितलं.

मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. यांनी टेबलावरचा एकेक भाग बघितला. मग गाडीतल्या त्या भोकाकडे बघितलं. मग ब्रश ट्रेमध्ये ठेवला, नीट, आवाज न करता, आणि दोन्ही हात कानांवर दाबून धरले. बराच वेळ तसेच. मग हात काढले. गालांना रॉकेल लागलं होतं.

"आत आहे," म्हणाले.

मी पदराने, म्हणजे जे हातात होतं त्या फडक्याने, यांचे गाल पुसले. चहा तसाच राहिला.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. यांना काचेच्या खिडकीच्या एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला हे पटापट दाबत होते. जाड आवाज असावेत. मग बारीक सुरू झाले. यांचा अंगठा बटणावर तयार, डोळे मिटलेले, अगदी गॅरेजवर स्क्रूड्रायव्हर लावून असायचे तसे. अंगठा हलेना. मशीनवरची मुलगी चकती फिरवत होती, आणखी फिरवत होती. यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, की अजून सुरू नाही का केलं? मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत ठीक होती आणि तिथून खाली कोसळली होती. म्हणाल्या, कारखान्याच्या आवाजाने आतली नस मेली. बारीक आवाज आता ऐकू येणार नाहीत, आणि जी जागा रिकामी झाली तिथे मेंदू स्वतःच आवाज भरतो. हे शांतपणे ऐकत होते, दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल ऐकावं तसं.

"काय बदलावं लागेल?" यांनी विचारलं.

"बदलता येत नाही ना काका."

"मग उघडून साफबिफ?"

"नाही. गेलेली नस परत येत नाही."

"बरं, थांबायला किती दिवस लागतील?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबेल असं मी सांगू शकत नाही. बहुतेक राहीलच. हळूहळू सवय होते."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, एवढं शिकून, एवढी यंत्रं मांडून तुम्ही सवय लावायला सांगता? सवय आम्ही घरी लावून घेतली असती. बिचाऱ्या बाई गप्प ऐकून घेत होत्या. मला तेही आवडलं नाही, भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ह्यांनीच माझा दंड धरला. "अगं, त्यांनी थोडाच बिघडवलाय," म्हणाले.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक कामाची गोष्ट सांगितली. घरात पंखा, रेडिओ, काहीतरी मंद चालू ठेवा, म्हणजे तो आवाज दबतो. ऐकायचं मशीन मिळतं, त्यानेही थोडा आराम पडेल. "आणि अगदी शांत जागी बसणं टाळा. शांततेत तो जास्त जाणवतो."

हे दारात होते. थांबले. जिना उतरताना कठडा धरून उतरले, आणि आमच्या यांनी कधी कठडा धरलेला मी बघितला नव्हता.

ज्या कानाने कारखाना चालवला, तो कान कारखान्याने खाल्ला. आता तक्रार कुणाकडे करू? शेड पाडून तिथे गोदाम झालंय. बोळे दिले होते, असंच म्हणतील, आणि ते खोटंही नाही. मी सगळा राग साठवून मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. म्हटलं, "मिस्त्री, खरं सांगा. तुम्हाला ऐकू आला होता तो आवाज?"

मिस्त्री हात पुसत राहिले. "वहिनी, भाऊ म्हणाले आहे, म्हणजे असणारच ना. इतक्या वर्षांत कधी चुकले? मला वाटलं, माझाच कान कमी पडतोय. आणि मन लावून ऐकलं की काहीतरी येतंच हो ऐकू."

"आणि बँकवाल्याला? दाढीला?"

"त्यांना मी म्हणालो म्हणून."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता त्या माणसावर तरी काय ओरडायचं? मी तशीच हात हलवत घरी आले.

मिस्त्रींनी इंजिन पुन्हा जोडून बसवून दिलं. गाडी उत्तम चालत होती. ती कधी बिघडलीच नव्हती. रविवारी हे गॅरेजवर जाईनासे झाले. एकदा दाढी घरी आला, लांब कुठेतरी निघाला होता, "काका, एकदा ऐका ना गाडी," म्हणाला. हे म्हणाले, "अरे, मला आता येत नाही रे ऐकता." त्याने बराच आग्रह केला, मग त्याला उमगलं, आणि जाताना यांना वाकून नमस्कार करून गेला. हे फाटकाशी उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. नंतर मला म्हणाले, "ठीक वाटली का गं तुला त्याची गाडी?" मला काय कळणार? पण मी म्हटलं, हो, ठीक होती.

घरात दिवसभर पंखा आणि रेडिओ. ऐकायचं मशीन आणलं, ते कधी लावतात, कधी नाही. माझ्या लक्षात यायला लागलं की हे पठाराचं नावच काढत नाहीत. मग मीच हट्टाला पेटले. म्हटलं, गाडी ठणठणीत आहे, मला फेकली जायची भीती नाही, आता काय कारण आहे? उद्या सकाळी निघायचं. यांनी टाळाटाळ केली. टायर, हवामान, गुडघा, एक ना दोन. मी थर्मास भरून डाव्या बॅगेत ठेवला आणि हेल्मेट घालून मागे जाऊन बसले. गाडी स्टँडवर, मी एकटीच वर, ध्यानासारखी. शेवटी हसले आणि आले.

घाटात मजा आली. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात यांचा तो आवाज दबतो, तर हे जुन्यासारखे चालवत होते, वळणांवर गाडी झोपवत, मागे मान वळवून माझ्याशी बोलत. मला वाटलं, बघा, आधीच यायला हवं होतं.

वर पोहोचलो. नेहमीच्या जागी, चढाकडे नाक करून गाडी लावली. यांचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. मग यांनी इंजिन बंद केलं.

मी उतरले. हे बसूनच. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. हे समोर बघत होते, जबडा आवळलेला, कुणी दुखऱ्या दातावर बोट ठेवल्यासारखा.

"खूप येतोय का?" मी विचारलं.

"हं."

थोड्या वेळाने म्हणाले, "तू सांग ना मला. काय काय ऐकू येतंय?"

मी जवळ गेले. म्हटलं, "वारा आहे. गवतातून सळसळ जातोय."

"बरं."

"एक पक्षी आहे, त्या तिकडे. चिरर्र करून थांबतो, पुन्हा करतो. सायलेन्सर गार होतोय, टिक टिक वाजतोय. आणि खाली घाटात एक ट्रक चढतोय."

प्रत्येकाला हे मान हलवत होते, डोळे मिटून. "आणि?"

मी कान दिला. ट्रक वळणाआड गेला. पक्षी उडाला असेल. वाराही पडला. "आता काही नाही," मी म्हटलं. "आता काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच," हे म्हणाले. "ते सांग. ते कसं आहे?"

मी तोंड उघडलं. जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई मी, मला एक शब्द सुचेना. ते सगळीकडे होतं, पार दूरवर, आणि माझ्याजवळ ते यांना द्यायला काही नव्हतं. मी यांचा हात धरला. "छान आहे हो," एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"रडू नको गं," हे म्हणाले. "असू दे. छान आहे ना? झालं तर." मग जरा वेळाने, अपराध्यासारखं, "चालू करू का गाडी? चालू असली की कमी येतो."

मी मान हलवली. यांनी किल्ली फिरवली. पण निघालो नाही. इंजिन तसंच चालू ठेवून आम्ही दोघं त्या माळावर बसून राहिलो.